जेम्स वेबच्या डेटामधून महाकाय परग्रहाचं वातावरण कसं वाचायचं : नवख्यांसाठी पहिल्यापासून

अमुक परग्रहावर पाण्याची वाफ सापडली, तमुकवर कार्बन डायऑक्साईड सापडला अशा बातम्या आपण वाचतो आणि सोबत एक चढउतारांचा आलेख असतो. तो आलेख दुर्बिणीतून तसाच्या तसा येत नाही. दुर्बीण फक्त ताऱ्याचा प्रकाश मोजून खाली पाठवते, पुढचं सगळं कोणीतरी बसून केलेलं असतं, आणि ते करताना पावलोपावली निवडी कराव्या लागतात ज्यांच्यामुळे शेवटचं उत्तर बदलू शकतं. हे मला कोणी सुरुवातीलाच नीट सांगितलं असतं तर माझा बराच वेळ वाचला असता, म्हणून हा लेख.

चांगली गोष्ट ही की या कामासाठी वेधशाळेत नोकरी असावी लागत नाही. जेम्स वेब आणि हबल या अवकाश दुर्बिणींचा बराच डेटा जगातल्या कोणालाही फुकट उतरवता येतो, लागणारं सॉफ्टवेअर पण फुकट आहे. थोडं पायथन आणि बारावीपर्यंतचं फिजिक्स एवढ्यावर सुरुवात होते. फक्त एक गोष्ट मनाशी धरून चला : रेणू शोधायची घाई करायची नाही. नवीन माणूस पहिल्या आठवड्यातच मिथेन शोधायला धावतो आणि खरी मेहनत जिथे आहे, म्हणजे लाइट कर्व्हमध्ये (ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्या आलेखात), तिथे वेळच देत नाही.

१. आपण नक्की काय मोजतोय ते आधी पक्कं करा

ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश थोडा कमी होतो, याला ट्रान्झिट म्हणतात. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर घट साधारण १ टक्का. आता ग्रहाभोवती वातावरण असेल तर काही रंगांचा प्रकाश त्या वातावरणात अडतो आणि त्या रंगांमध्ये ग्रह किंचित मोठा दिसतो. म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला ग्रह किती मोठा दिसतो हे मोजलं की झाला ट्रान्समिशन स्पेक्ट्रम. मुळात एवढंच आहे.

हा फरक किती मोठा असेल हे वातावरण किती फुगलंय यावर ठरतं आणि त्याचं माप म्हणजे स्केल हाइट. तापमान जास्त, वायू हलका आणि गुरुत्वाकर्षण कमी असलं की स्केल हाइट वाढते. पृथ्वीची साधारण ८ किलोमीटर, गुरूची २७ च्या आसपास, आणि वॉस्प-३९ बी या ग्रहाची जवळपास १००० किलोमीटर! हे गणित कागदावर स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. वॉस्प-३९ बी साठी एका स्केल हाइटमुळे ट्रान्झिटच्या खोलीत साधारण ४५० पीपीएमचा फरक पडतो, म्हणजे दहा लाखात ४५० भाग. हा आकडा लक्षात असला की पुढे आलेखात ५० पीपीएमचा खड्डा दिसला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपोआप कळायला लागतं.

२. पहिला ग्रह असा घ्या ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे

नवीन काहीतरी शोधायचंय म्हणून कोणी हात न लावलेला ग्रह निवडायचा मोह होतो. तो टाळा. पहिल्यांदा असा ग्रह घ्या ज्याचा स्पेक्ट्रम अनेक टीमनी स्वतंत्रपणे काढलाय, म्हणजे आपलं उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे तरी कळेल.

माझ्या मते यासाठी वॉस्प-३९ बी सारखा दुसरा ग्रह नाही. २०११ मध्ये सापडला, कन्या राशीच्या दिशेला साधारण ७०० प्रकाशवर्षांवर, वस्तुमान शनीच्या जवळपास पण आकार गुरूच्या सव्वापट, तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ताऱ्याभोवती चार दिवसांत एक फेरी. तारा शांत आहे, त्यामुळे ताऱ्यावरच्या डागांचा त्रास फारसा नाही. जेम्स वेबने जुलै २०२२ मध्ये त्याच्याकडे बघितलं आणि ऑगस्टमध्ये कार्बन डायऑक्साईडची घोषणा झाली, परग्रहाच्या वातावरणात हा वायू इतक्या ठामपणे सापडल्याची ती पहिली वेळ. शिवाय तो डेटा मुद्दाम सगळ्यांनी शिकावं म्हणून पहिल्या दिवसापासून खुला ठेवलेला, आणि तोच ग्रह जेम्स वेबच्या चार वेगवेगळ्या मोडमधून (म्हणजे उपकरणांच्या मांडण्यांमधून) बघितलेला आहे.

३. हाताशी काय काय लागेल

- कॉम्प्युटर : १६ जीबी रॅम असेल तर बरं, आणि भरपूर मोकळी डिस्क. मधल्या पायऱ्यांच्या फाइली धरून जागा शेकडो जीबीपर्यंत जाऊ शकते. लिनक्स किंवा मॅक असेल तर सोपं जातं, विंडोज असेल तर त्याच्या आत लिनक्स बसवून घ्या.
- डेटा : मास्ट नावाचं अर्काइव्ह. हबल, जेम्स वेब, केप्लर, टेस सगळं तिथेच.
- ग्रहाची आणि ताऱ्याची माहिती : नासाचं एक्झोप्लॅनेट अर्काइव्ह. पिरियड (एका फेरीचा काळ), ताऱ्याची त्रिज्या, तापमान, धातूंचं प्रमाण (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्यं म्हणजे धातू) इथून उचला.
- कच्च्या डेटासाठी : जेम्स वेबची अधिकृत पाइपलाइन (कच्चा डेटा पायरीपायरीने साफ करणारं सॉफ्टवेअर), आणि तिच्यावर बसणारी युरेका नावाची पाइपलाइन जी खास ट्रान्झिटसारख्या कामासाठी आहे.
- ट्रान्झिट फिट करायला : बॅटमॅन हे पॅकेज, सोबत एमसी किंवा कुठलंही नेस्टेड सॅम्पलिंगचं पॅकेज (ही आकड्यांच्या अनेक शक्यता तपासून उत्तर आणि त्याचे एरर बार, म्हणजे चुकीची मर्यादा, काढतात).
- वातावरणाच्या मॉडेलसाठी : पिकासो, पेटिटरॅडट्रान्स, टॉरेक्स, पोसायडन, प्लॅटन यातलं कुठलंही एक. सगळी एकदम बसवत बसू नका.
- एक वही. कुठली सेटिंग का निवडली ते लिहून ठेवायला. ही यादीत शोभेसाठी नाही, दोन महिन्यांनी मागे वळून बघाल तेव्हा हिच्याशिवाय पान हलणार नाही.

४. डेटा उतरवा, पण सगळा एकदम नको

मास्टवर प्रोग्रॅम नंबर १३६६ टाका, त्यात वॉस्प-३९ बी चं सगळं आहे. निअरस्पेक या जेम्स वेबच्या वर्णपटमापकाचा प्रिझम मोड घ्या कारण तो एका दमात साधारण ०.५ ते ५.५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सगळं दाखवतो. एकाच निरीक्षणाच्या फाइली अनेक तुकड्यांत असतात, एक तुकडा जरी राहिला तर लाइट कर्व्हमध्ये भोक पडतं, तेव्हा मोजून घ्या.

फाइलींच्या नावाच्या शेवटी प्रकार लिहिलेला असतो. अनकॅल म्हणजे अगदी कच्चं. रेटइंट्स म्हणजे प्रत्येक इंटिग्रेशनमध्ये (एकेका मोजणीत) किती वेगाने सिग्नल जमला ते. एक्सवनडीइंट्स म्हणजे तयार काढलेले स्पेक्ट्रा. माझा सल्ला, उलटं जा : आधी तयार स्पेक्ट्रा उघडा, सगळ्या तरंगलांब्या बेरीज करून वेळेसमोर मांडा. ट्रान्झिटची ती खोलगट दरी स्क्रीनवर दिसते ना, तो आनंद वेगळाच असतो, ७०० प्रकाशवर्षांवरचा ग्रह ताऱ्यासमोरून गेला आणि ते आपण आपल्या कॉम्प्युटरवर स्वतः बघतोय. मग रेटइंट्सपासून स्वतः स्पेक्ट्रा काढा. आणि सगळ्यात शेवटी अनकॅलपासून.

५. कच्च्या फाइलींपासून स्पेक्ट्रापर्यंत

पाइपलाइन चालवायच्या आधी तिच्या रेफरन्स फाइलींचा (उपकरणाच्या दुरुस्त्यांचे आकडे असलेल्या फाइलींचा) सर्व्हर आणि त्या साठवायची जागा सेट करावी लागते, नाहीतर पहिल्याच ओळीला एरर येतो. या रेफरन्स फाइली वेळोवेळी बदलतात, म्हणून पाइपलाइनची आवृत्ती आणि रेफरन्सचा संदर्भ क्रमांक दोन्ही वहीत लिहा.

इथे सापळे भरपूर आहेत, मुख्य सांगतो.

पहिला, जंप डिटेक्शन. ही पायरी कॉस्मिक किरणांचे धक्के ओळखते. पण तेजस्वी ताऱ्यांच्या निरीक्षणात प्रत्येक इंटिग्रेशनमध्ये मोजकेच ग्रुप (त्या मोजणीतल्या मधल्या नोंदी) असतात, आणि नेहमीची मर्यादा ठेवली तर चांगले पिक्सेल पण खराब म्हणून उडवले जातात. मर्यादा वाढवून बघा, किंवा ही पायरी बंद करून नंतर वेळेच्या दिशेने आउटलायर (वेगळे पडलेले बिंदू) काढा, दोन्ही करून लाइट कर्व्हचा विखुरलेपणा कशात कमी येतो ते बघा.

दुसरा, वन-ओव्हर-एफ नॉइज. डिटेक्टर वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे पट्टे उमटतात. निअरस्पेकमध्ये हे पट्टे उभे दिसतात, त्यामुळे प्रत्येक कॉलममधले ताऱ्याचा प्रकाश न पडलेले पिक्सेल घेऊन त्यांचा मीडियन वजा करता येतो. पण हे रॅम्प (ग्रुपागणिक चढत जाणारा सिग्नल) फिट करायच्या आधी, प्रत्येक ग्रुपवर करायचं. नंतर केलं तर पूर्ण फायदा मिळत नाही.

तिसरा, सॅच्युरेशन. वॉस्प-३९ तारा प्रिझमसाठी जरा जास्तच तेजस्वी आहे, त्यामुळे साधारण ०.७ ते १.९ मायक्रॉनच्या पट्ट्यात काही पिक्सेल भरून गेलेत. तिथला स्पेक्ट्रम वापरूच नये असं नाही, पण त्या भागावर मोठा निष्कर्ष उभा करू नका, तिथे दुसऱ्या मोडचा डेटा बघा.

स्पेक्ट्रम काढताना किती रुंद पट्टी घ्यायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दोन-चार रुंद्या घेऊन बघा आणि ट्रान्झिटच्या बाहेरचा विखुरलेपणा जिथे सगळ्यात कमी ती ठेवा, एवढं पुरतं.

६. व्हाइट लाइट कर्व्ह : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सगळ्या तरंगलांब्या एकत्र करून जो लाइट कर्व्ह मिळतो त्याला व्हाइट लाइट कर्व्ह म्हणतात. यातून ट्रान्झिटच्या मध्याची वेळ, कक्षेचा कल, ताऱ्याच्या त्रिज्येच्या तुलनेत कक्षा किती मोठी, आणि ग्रह-ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर मिळतं. पिरियड मात्र आधीच्या कामांमधून घेऊन पक्का ठेवा, एका ट्रान्झिटमधून तो निघत नाही.

वेळेचा घोळ इथे हमखास होतो. फाइलींमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारच्या वेळा असतात. तुम्हाला हवी सूर्यमालेच्या केंद्रापाशी आणलेली बॅरीसेंट्रिक ज्युलियन डेट (दिवसांची सलग मोजणी), तीही टीडीबी (सूर्यमालेच्या केंद्रासाठीची एकसमान वेळ) पद्धतीची. यूटीसी (घड्याळाची जागतिक वेळ) आणि टीडीबीमध्ये आत्ता ६९ सेकंदांचा फरक आहे, आणि ज्युलियन डेट व मॉडिफाइड ज्युलियन डेटमध्ये २४,००,०००.५ दिवसांचा, त्यातला तो अर्धा दिवस विसरला की ट्रान्झिट भलत्याच जागी येतो आणि माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मग लिंब डार्कनिंग. तारा मध्यभागी जास्त तेजस्वी आणि कडेला मंद दिसतो, म्हणून ट्रान्झिटचा तळ सपाट न दिसता वाटीसारखा दिसतो. याचे गुणांक ताऱ्याच्या मॉडेलमधून घेऊन पक्के ठेवायचे की डेटावरून फिट करायचे यावर जाणकारांचंही एकमत नाही. मी दोन्ही करून बघतो आणि दोन्ही उत्तरांतला फरक एरर बारपेक्षा मोठा आला तर तिथेच थांबून कारण शोधतो. तुम्हीही तेच करा.

उपकरणाच्या स्वतःच्या सवयी पण असतात. मिरी या जेम्स वेबच्या अवरक्त उपकरणामध्ये सुरुवातीला सिग्नल झपाट्याने बदलून हळूहळू स्थिरावतो, ती सुरुवातीची मिनिटं कापून टाकावी लागतात. कधी जेम्स वेबच्या आरशाचा एखादा तुकडा अगदी किंचित हलतो आणि प्रकाशात एकदम पायरी पडते. वॉस्प-३९ बी च्याच जी३९५एच या मोडच्या डेटामध्ये ही घटना आहे, मुद्दाम बघा, ओळखायला शिकायला छान उदाहरण आहे. हबलचा डेटा घेतला तर गोष्ट वेगळी : हबल साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत मध्ये पृथ्वी आडवी येते, त्यामुळे लाइट कर्व्ह तुटक, वर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला डिटेक्टरचा चढ, आणि पहिली फेरी बहुतेक वेळा सोडूनच द्यावी लागते. जेम्स वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब असल्यामुळे तासन् तास सलग बघू शकतो, ही केवढी मोठी सोय आहे ते हबलचा एक डेटासेट हाताळल्यावर कळतं.

फिट झाला की मॉडेल वजा करून उरलेला अवशेष बघा. नुसता डोळ्यांनी नाही. पॉइंट एकत्र करत जा, ४, १६, ६४, आणि विखुरलेपणा किती कमी होतो ते मांडा. निव्वळ रँडम नॉइज असेल तर तो पॉइंटच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी व्हायला हवा. मध्येच कमी व्हायचा थांबला तर अजून काहीतरी शिल्लक आहे, आणि तुमचे एरर बार खऱ्यापेक्षा लहान आहेत. ही एक चाचणी न करता पुढे जाऊ नका, बाकी काही विसरलं तरी चालेल.

७. आता रंगांनुसार

तरंगलांबीचे छोटे छोटे बिन (गट) पाडा आणि प्रत्येकाचा लाइट कर्व्ह वेगळा फिट करा. कक्षेचा कल, कक्षेचा आकार आणि मध्याची वेळ व्हाइट लाइट कर्व्हमधून आलेली पक्की ठेवायची, कारण ती रंगानुसार बदलत नाहीत. फक्त खोली, लिंब डार्कनिंग आणि बेसलाइनचा (ट्रान्झिटबाहेरच्या प्रकाशाच्या पातळीचा) उतार मोकळा.

सगळ्या बिनांमधली ट्रान्झिटची खोली एका आलेखात मांडली की वॉस्प-३९ बी साठी साधारण २.१ टक्क्यांच्या आसपासची रेषा दिसेल आणि ४.३ मायक्रॉनपाशी एकदम २.३ टक्क्यांपर्यंत गेलेला डोंगर. तो कार्बन डायऑक्साईड. मूळ टीमने त्याची खात्री २६ सिग्मा (म्हणजे योगायोगाची शक्यता जवळपास शून्य) दिली होती, त्यामुळे तुमच्या आलेखात तो दिसला नाही तर दोष नक्की प्रक्रियेत आहे, मागे जा.

प्रसिद्ध झालेल्या स्पेक्ट्रमशी तुलना करताना सगळा स्पेक्ट्रम एकसारखा वर किंवा खाली सरकलेला दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा कक्षेचे आकडे वेगळे घेतल्यामुळे तसं होतं. तेच आकडे घालून परत करा. पण आकारच वेगळा आला तर मात्र शोध घ्यायला हवा. आणि हबल, जेम्स वेब असे वेगवेगळ्या उपकरणांचे तुकडे जोडताना त्यांच्यामध्ये अशी सरक असू शकते हे मॉडेलमध्ये धरा, नाहीतर जोडाच्या जागी खोटा रेणू तयार होतो.

८. रेणू ओळखणं

लगेच मोठं रिट्रीव्हल (डेटाला जुळणारी मॉडेल शोधणं, पुढे येईलच) चालवू नका. आधी साधं फॉरवर्ड मॉडेल : तापमान द्या, धातूंचं प्रमाण द्या, स्पेक्ट्रम काढा, आपल्या डेटावर ठेवून बघा. मग एक एक वायू काढून टाका आणि आलेख कुठे बदलतो ते बघा. पाण्याचे उंचवटे १.४, १.९ आणि २.८ मायक्रॉनच्या आसपास, मिथेन ३.३, कार्बन मोनॉक्साईड ४.६ च्या पुढेमागे, दृश्य प्रकाशात सोडियम ०.५९ आणि पोटॅशियम ०.७७. हे खेळत खेळत डोक्यात बसतं. (सोडियम हा परग्रहाच्या वातावरणात सापडलेला पहिला घटक, एचडी २०९४५८ बी वर, हबलच्या डेटामधून, २००२ साली.)

इथला मोठा सापळा म्हणजे लाइन लिस्ट, म्हणजे कुठला रेणू कुठल्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो त्याची यादी. हिट्रान ही यादी साधारण पृथ्वीच्या तापमानासाठी आहे. हजार केल्विनच्या ग्रहावर रेणूंच्या अशा असंख्य रेषा जाग्या होतात ज्या त्या यादीत नाहीत. गरम ग्रहांसाठी हायटेम्प किंवा एक्झोमोलच्या याद्या घ्या. पॅकेजमध्ये कुठली यादी आहे ते कागदपत्रांत तपासा, गृहीत धरू नका.

वॉस्प-३९ बी च्या स्पेक्ट्रममध्ये ४.०५ मायक्रॉनपाशी एक छोटा उंचवटा दिसेल. सुरुवातीला तो कशाचा हे कोणालाच ठरवता येत नव्हतं, नेहमीच्या रासायनिक समतोलाच्या मॉडेलमध्ये तिथे काही यायलाच नको होतं. शेवटी तो सल्फर डायऑक्साईड निघाला : ताऱ्याचा अतिनील प्रकाश वातावरणात रासायनिक क्रिया घडवतो आणि हायड्रोजन सल्फाईडपासून सुरू होऊन सल्फर डायऑक्साईड बनतो. परग्रहावरच्या प्रकाशरसायनाचा तो पहिला ठोस पुरावा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मला या सगळ्या कहाणीत आवडतं ते हे की वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पाइपलाइनने काढलं तरी तो उंचवटा जागचा हलला नाही, म्हणूनच त्याच्यामागे लागण्यात अर्थ होता.

९. रिट्रीव्हल, ढग आणि ताऱ्याचे डाग

रिट्रीव्हल म्हणजे हजारो-लाखो मॉडेल काढून कुठली डेटाला जुळतात ते शोधणं. ते उत्तर नेहमीच देतं, प्रश्न चुकीचा असला तरी. ढग वर असतील तर उंचवटे दबतात, आणि वातावरण जड असेल तरीही दबतात, दोन्ही आलेख सारखे दिसू शकतात. एकदा ढग धरून, एकदा न धरता चालवा.

एक उदाहरण बघा. २०१८ मध्ये हबल आणि स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा डेटा मिळून वॉस्प-३९ बी वर धातूंचं प्रमाण सूर्याच्या १५१ पट आलं होतं, मोठ्या एरर बारसकट. जेम्स वेबच्या डेटावरून ते १० पटीच्या आसपास आलं. आधीच्या लोकांनी काम नीटच केलं होतं, पण त्यांच्याकडे तरंगलांबीचे मोजकेच तुकडे होते आणि कार्बन डायऑक्साईडचा डोंगर पूर्ण दिसत नव्हता. त्यामुळे रिट्रीव्हलचा आकडा सांगताना कुठल्या तरंगलांबीवरून तो आला हेही सांगायचं.

ताऱ्यावर डाग असतील तर ग्रह ज्या भागासमोरून जातो तो आणि उरलेला तारा यांचा प्रकाश वेगळा असतो, आणि मग ताऱ्याचाच स्पेक्ट्रम ग्रहाचा म्हणून दिसतो. एचडी १८९७३३ सारख्या चळवळ्या ताऱ्यांना पहिल्या काही ग्रहांत हात लावू नका.

१०. पुढे कुठे जायचं

ट्रान्झिट जमलं की सेकंडरी एक्लिप्स करा, म्हणजे ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हा किती प्रकाश कमी होतो ते, त्यातून ग्रहाच्या दिवसाकडच्या बाजूचं तापमान मिळतं. त्यानंतर फेज कर्व्ह, म्हणजे पूर्ण फेरीभर ग्रहाचा प्रकाश कसा बदलतो ते : वॉस्प-४३ बी हा ग्रह साडेएकोणीस तासांत एक फेरी मारतो, मिरीने त्याची पूर्ण फेरी बघितली, दिवसाची बाजू साधारण १२५० अंश सेल्सिअस आणि रात्रीची ६०० च्या आसपास निघाली. ढगांची आवड असेल तर वॉस्प-१७ बी घ्या, २०२३ मध्ये त्याच्या ढगांत क्वार्ट्झचे कण असल्याचं दिसलं. ताऱ्यापासून लांबचे तरुण महाकाय ग्रह थेट फोटोतून अभ्यासायची वाट पूर्ण वेगळी आहे, त्यासाठी कोरोनाग्राफ (ताऱ्याचा प्रकाश झाकणारं उपकरण) शिकावा लागतो, एचआर ८७९९ ची ग्रहमाला तिथे चांगली सुरुवात आहे.

आणि स्वतःचा ग्रह बघायचा असेल तर वेळ मागता येतो, कुठल्याही देशातून. जेम्स वेबसाठी वर्षाला साधारण एकदा प्रस्ताव मागवतात, स्पर्धा प्रचंड असते, चौथ्या सायकलला (निरीक्षणांच्या चौथ्या फेरीला) २,३०० हून जास्त प्रस्ताव आले होते. आधी पँडएक्सो हे सॉफ्टवेअर वापरून आपल्या ग्रहावर किती पीपीएमची अचूकता मिळेल ते काढा, ते पहिल्या पायरीतल्या स्केल हाइटच्या आकड्याशी ताडून बघा, आणि मास्टवर तोच ग्रह त्याच मोडमध्ये कोणी आधीच बघितलाय का ते तपासा. प्रस्तावात स्वतःचं किंवा टीमचं नाव, संस्था, 'आमच्या आधीच्या कामात' असली वाक्यं काहीही येऊ देऊ नका, तपासणी दोन्ही बाजूंनी निनावी असते आणि ओळख उघड करणारा प्रस्ताव बादही होऊ शकतो.